मेथीसाठी घेतलेली वीज

काळजी करण्याच्या कामात आमच्या घरमालकांचा हात धरील असा माणूस खानापुरापासून निपाणीपर्यंत झाला नाही, आणि पुढं होईल असंही मला वाटत नाही. लोक स्वतःची काळजी करतात, बायकापोरांची करतात, फार झालं तर शेजाऱ्यांची करतात. आमचे घरमालक चोरांची काळजी करत. बेळगावात शहापुरातल्या त्यांच्या घरात दोन खोल्या भाड्यानं घेऊन मी बायकोसह राहत असे. मागच्या अंगणात विहीर होती आणि तिला कठडा नव्हता. एके दिवशी गवंडी लावून त्यांनी चांगला कमरेइतका कठडा बांधून घेतला. भाडेकरूंची एवढी सोय पाहिली म्हणून मी आभार मानायला गेलो, तर म्हणाले, "तुमास्नी हीर ठावं हाय हो मास्तर. पण एकादा परका माणूस अंधारात भिंतीवरनं उडी टाकून आला आन् सरळ आत गेला म्हंजे? चोर झाला म्हणून काय झालं, त्येच्या घरात बी कोण तरी वाट बघत असंल की."

सगळी गल्ली त्यांना आण्णा म्हणे, म्हणून मीही म्हणत असे. मूळचे सदलग्याचे, शेतकरी जैन घराण्यातले. अंगानं उंच आणि वाळलेले, डोक्याला काळी टोपी, आणि भुवया कायमच्या वर चढलेल्या. आत्ताच कुणीतरी काहीतरी वाईट सांगून गेलंय, असं त्यांच्याकडं पाहून वाटे. सदलग्याला असताना भावांनी त्यांना एकदा नांगर धरायला सांगितला होता. आण्णा बैलांच्या मागं राहण्याऐवजी पुढं चालले आणि ढेकळांतली गांडुळं, किडे, बेडकं एकेक उचलून बांधावर नेऊन ठेवू लागले. सबंध दिवसात नांगराच्या दोनच ओळी झाल्या. भावांचं त्यांच्यावर फार प्रेम होतं, म्हणूनच त्यांनी आण्णांना बेळगावला भांड्यांचं दुकान काढून दिलं. भांड्यात जीव नसतो, तिथं तरी हा माणूस सुखानं राहील, असा त्यांचा हिशेब. पण आण्णा सुखानं राहतात कसले! पातेलं विकत घेऊन गेलेल्या बाईच्या घरी दुसऱ्या दिवशी जाऊन, "कड बोटाला लागत न्हाई न्हवं?" असं ते विचारून येत. मी खानापूरला एका लग्नाला गेलो होतो, तर परतीच्या गाडीला हे स्टेशनवर हजर. म्हणाले, "गाडी घसरली काय म्हणून बघाय आलतो." मी म्हटलं, "अहो, घसरली असती तर इथं उभं राहून कसं दिसलं असतं?" त्यावर शांतपणे म्हणाले, "आली नसती की. आली, म्हंजे घसरली न्हाई."

मला अशा माणसांचा राग येतो आणि राग धरवतही नाही. माझा स्वभाव मुळातच घाबरट. आण्णांच्या शेजारी राहून तो आणखी बिघडला. त्यात मी शाळेत चित्रकला शिकवणारा, पण आण्णांच्या लेखी मास्तर म्हणजे मास्तर. ताप आला, भिंतीला चीर गेली, आकाशात विचित्र रंगाचा ढग आला, काहीही झालं की "मास्तरांस्नी इचारू या" असं म्हणत ते माझ्या दारात येऊन उभे राहत. मी सांगायचो ते त्यांना कधीच पटायचं नाही, पण विचारल्याशिवाय चैनही पडायचं नाही.

मात्र त्यांच्या साऱ्या काळज्यांच्या मुळाशी एक खरी काळजी होती, आणि ती त्यांच्या बायकोची. तिला सगळे आक्का म्हणत. आक्का बुटक्या, गोऱ्या आणि फार कमी बोलणाऱ्या. नवरा जगाची काळजी करतोय तेवढ्यात त्या पाणी गाळून, फडक्यातले जीव परत विहिरीत हलकेच सोडून, स्वयंपाक उरकून मोकळ्या व्हायच्या. काही वर्षांपूर्वी परसात मेथीचा वाफा करताना त्यांच्या कुदळीखाली मातीत दडून बसलेला एक बेडूक आला. आक्कांनी कुदळ तिथंच ठेवली, अंघोळ केली, बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, गेल्या आणि देवापुढं नियम घेतला, की माती खणून काढलेलं हिरवं काही मी आजन्म खाणार नाही. ना पालेभाजी, ना फळभाजी, ना फळ. ज्वारी, तांदूळ, डाळ आणि तूप, एवढ्यावर आलं. "आक्का, ज्वारीसुद्धा नांगरूनच येते की," असं मी एकदा बोललो. त्या म्हणाल्या, "व्हय की. समदं सोडाय मी काय मुनी हाय का? हातनं हुतंय तेवढं सोडलं."

पण शरीर काही नियम मानत नाही. आक्का वाळत चालल्या. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, दिवस कलला की डोळ्यांपुढं अंधारी यायची, पायऱ्या चढताना भिंत धरावी लागे. डॉक्टरांनी तपासून स्वच्छ सांगितलं, की हिरवं पोटात गेलं पाहिजे, नाहीतर हे दुखणं यांना घेऊन जाईल. त्यांनी बाटलीतलं औषध दिलं, तर ते माशाचं तेल निघालं. ती बाटली आण्णांनी दोन बोटांत धरून परत नेऊन दिली. नियम मोड, असं आण्णा बायकोला कसं म्हणणार? तो नियम त्यांनाही तितकाच पवित्र होता. तेव्हापासून ते चोरांची, गाड्यांची, ढगांची काळजी करीनासे झाले. नुसते अंगणात फेऱ्या घालायचे. ते मला काहीच विचारायला येत नाहीत, याचीच मला भीती वाटायला लागली.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. दूरच्या कुठल्याशा खडकाळ बेटांवर गोऱ्या शिपायांसाठी मातीशिवाय, नुसत्या पाण्यात क्षार कालवून भाज्या पिकवत होते, असं मी एका मासिकात वाचलं आणि ओसरीवर बसून सहज आण्णांना सांगितलं. आण्णांच्या भुवया होत्या त्याहून वर गेल्या. "माती न्हाई?" "नाही." "खणायचं न्हाई?" "पाण्यात काय खणणार?" ते उठले, आत गेले, आणि बराच वेळ आतून दोघांच्या बोलण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आले ते म्हणाले, "ती खाईन म्हणती. पर एक अट हाय. कच्चं पाणी न्हाई. त्यात बी जीव असत्यात. परासुक पायजे." म्हणजे गाळून उकळलेलं, आणि आज उकळलेलं उद्या चालत नाही, रोज नवं.

झालं! दुकानातली कल्हई केलेली मोठाली घंगाळं अंगणात मांडली गेली. घंगाळावर जाळी, जाळीवर फडकं, फडक्यावर मेथीचे दाणे. आमच्या शाळेतल्या सायन्सच्या मास्तरांना मी गळ घातली, आणि त्यांनी उत्साहानं क्षारांच्या पुड्या करून दिल्या. आण्णांनी एकेक पुडी उघडून त्यांना विचारलं, "ह्यात हाडं न्हाईत न्हवं?" एका पुडीत होती. ती बदलून मिळाली. मग रोज सकाळी बंब पेटायचा. सरपणाचं प्रत्येक लाकूड आण्णा आधी जमिनीवर आपटून मुंग्यांना बाहेर पडायला वेळ द्यायचे, त्यामुळं आमच्या अंघोळी शाळेची घंटा होईपर्यंत लांबायच्या. मेथीला मात्र उकळून गार केलेलं पाणी वेळेवर मिळे. गल्लीतली बायामाणसं भिंतीवरून डोकावून विचारायची, "आण्णा, मेथीची अंगुळ झाली का?" आण्णा मान हलवायचे. थट्टा त्यांना कळायचीच नाही.

मेथी उगवली, बोटभर झाली, आणि माना टाकू लागली. पुन्हा पेरली, पुन्हा तेच. मुळं तपकिरी व्हायची, वास यायचा. शेवटी सायन्सच्या मास्तरांनी येऊन पाहिलं आणि डोक्याला हात लावला. म्हणाले, "अहो, उकळलं की पाण्यातली हवा निघून जाते. त्यात तुमची घंगाळं वरून झाकलेली. मुळं गुदमरून मरतात." आण्णांचा चेहरा पांढरा पडला. "म्हंजे आमी हिचा जीव घ्यायलोय?" त्यांना वाटलं, एका बेडकाचं पाप टाळायला गेलो आणि हजारो रोपांचा गळा दाबला. कच्चं पाणी घाला एवढा सरळ उपाय होता, पण तो आक्कांना चालणारा नव्हता. मग उकळलेल्या पाण्यात हवा परत घालायची, असं ठरलं.

आणि या कारणासाठी त्या घरात वीज आली. हे मला कधीच विसरता येणार नाही. आण्णांच्या घरात दिवस मावळल्यावर दिवा लागत नसे, कारण दिव्यावर किडे येऊन मरतात. माझ्या कंदिलालासुद्धा मलमलीचं फडकं गुंडाळलेलं असे आणि त्या उजेडात मी डोळे फोडून मुलांची चित्रं तपासत असे. वीज घ्या म्हणून मी दोन वर्षं विनवत होतो. ती मला मिळाली नाही, मेथीला मिळाली. तार आली ती माझ्या खोलीच्या खिडकीवरून सरळ अंगणात गेली. वायरमननं टेबलपंख्याची मोटर सायकलच्या पंपाला जोडून दिली. पंख्याची पाती आण्णांनी आधीच काढून टाकली होती, एखादी माशी सापडू नये म्हणून. मेथी आता एकाच मोठ्या घंगाळावर ठेवली होती, पंपातून रबरी नळी त्यात सोडली. बटण दाबलं की पंप कुईकुई करू लागे आणि पाण्यात बुडबुडे येत. मेथी तरारून उठली. आण्णा घंगाळाला कान लावून बसायचे. आक्का स्वयंपाकघराच्या दारातून बघायच्या आणि आत जायच्या.

मेथी कापायला आली, डॉक्टरांनी आता फार दिवस लावू नका असं पुन्हा बजावलं, आणि त्याच आठवड्यात एका सकाळी कुईकुई थांबली.

मी शाळेला निघालो होतो. आण्णा अंगणाच्या मधोमध उभे होते. मोटरीला हात लावून पाहत होते, नळी वर उचलून पाहत होते. "मास्तर, हिनं श्वास सोडला," ते म्हणाले. मी बाहेर जाऊन विचारपूस केली, तर सबंध शहापुराचा करंट गेलेला. आम्ही दोघं तसेच वीजघराकडं धावलो. तिथल्या खिडकीत एक कारकून बसला होता. त्यानं आधीच दहाजणांच्या शिव्या खाल्ल्या असाव्यात. "करंट इल्ला," तो म्हणाला. "इंजिन बंद पडलंय. भाग मुंबईवरनं येणार. कधी ते सांगता येत न्हाई. कंदील लावा." आण्णा म्हणाले, "आमी कंदील लावीत न्हाई." "मग मेणबत्ती लावा." "आमच्यात दिवाच न्हाई." कारकुनानं मान वर केली. "दिवा न्हाई, मग करंट कशाला पायजे?" "मेथीला." कारकून माझ्याकडं पाहू लागला. मी शिक्षकाच्या गंभीर चेहऱ्यानं मान हलवली. त्यानं खिडकी लावून घेतली.

परत आल्यावर आम्ही मोटर सोडवली आणि पंप हातानं मारायला घेतला. थोडा वेळ आण्णा, थोडा वेळ मी. सायकलचा पंप टायरला मारणं वेगळं आणि सगळा दिवस घंगाळाला मारणं वेगळं. मी शाळेला दांडी मारली. दुपारपर्यंत आण्णांच्या तळहाताला फोड आले. माझ्या बायकोनं पदर खोचला आणि तीही पाळी घेऊ लागली. तिसऱ्या प्रहरी पंपाच्या आतला चामड्याचा वायसर गेला, आणि सायकलवाल्याकडून आणलेला नवा त्याला बसेना. घंगाळातलं पाणी अगदी निवांत झालं. त्या निवांतपणाची मला जी धास्ती वाटली, ती आजवर कशाची वाटलेली नाही. वाकून पाहिलं, तर खालची पानं पिवळी पडू लागली होती.

"ओतू या," मी म्हणालो. मला सुचलं ते इतकंच, की पाणी उंचावरून दुसऱ्या भांड्यात पडलं की त्यात हवा मिसळते. आम्ही जाळीची कड उचलून तांब्यानं पाणी काढायचो, हात उंच करून पातेल्यात धार सोडायचो, आणि ते हलकेच परत घंगाळात घालायचो. फोडांमुळं आण्णांना तांब्या नीट धरवत नव्हता. धार पातेल्याबाहेर जायची, आणि मधेच थांबून ते विचारायचे, "मास्तर, एवढ्या वरनं पाणी आपटल्यावर हवेतल्या जीवांचं काय हुतं?" मी ओरडलो, "आण्णा, एका वेळी एकाच जीवाची काळजी करा हो!" ते खाली बसले. फोड फुटले होते.

तेवढ्यात आक्का आल्या. भिंत धरून धरून आल्या आणि घंगाळापाशी पाटावर बसल्या. "सरा तिकडं," त्या म्हणाल्या. "आगं, तुझ्यानं हुनार न्हाई," आण्णा म्हणाले. आक्कांनी तांब्या घेतला, पाणी आपटू नये म्हणून दुसरा हात खाली धरला आणि धार सोडली. बारीक, सरळ, आवाज न करणारी. ओतत राहिल्या. सूर्य मावळायच्या आत जेवायला उठल्या, चार घास खाल्ले आणि परत येऊन बसल्या. दमल्या की माझी बायको बसे, पण जरा वेळानं त्या तिच्या हातातून तांब्या काढून घेत. दुसऱ्या दिवशीही तेच, त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. गल्लीतल्या ज्या बाया भिंतीवरून थट्टा करत, त्या आता पाळी घ्यायला आत येऊ लागल्या. आण्णा एकदा मेथीकडं बघायचे आणि एकदा आक्कांकडं. मेथी वाचवायला निघालेली बायकोच आधी पडते की काय, अशी त्यांना भीती, आणि मला आण्णा-आक्का दोघांचीही. आक्कांचे ओठ पांढरे दिसत होते. एकदा मी ऐकलं, ओतता ओतता त्या मेथीशी बोलत होत्या. "घे गं. घे. जरा दम धर."

आणि मग एके दिवशी भर दुपारी, कोपऱ्यात पडलेली मोटर आपोआप घुर्रकन फिरली. सगळी गल्ली ओरडली. सायन्सचे मास्तर शाळेत चामडं कापून त्या मापाचा वायसर करत होते, तो घेऊन ते धावत आले, पंप जोडला गेला, आणि घंगाळात बुडबुडे आले. थोडी पानं गेली होती, बाकीची मेथी हिरवीगार उभी होती. आण्णांनी आतून विळी आणली. धुऊन, पुसून, पाटावर ठेवली. हात जोडले. आणि आक्का मधे उभ्या राहिल्या.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "मी ह्या हातानं तिला श्वास दिला. आता ह्याच हातानं कापून खाऊ व्हय?"

मला भयंकर राग आला. इतके दिवस आम्ही कशासाठी मेलो? मी काही बोलणार, तेवढ्यात आण्णांकडं पाहिलं आणि थांबलो. ते विहिरीच्या कठड्याला टेकून खाली बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवली होती. एवढी वर्षं वर चढलेल्या त्यांच्या भुवया मी पहिल्यांदाच खाली आलेल्या पाहिल्या. "बरं," ते म्हणाले. "नगं खाऊ. मी न्हाई म्हणत न्हाई." मग ते आपले फडकं बांधलेले हात पुढं करून म्हणाले, "पर मला एवढं सांग. तू गेल्यावर हिला पाणी कोण वतणार? माझ्या हातनं तर हुईत न्हाई."

आक्का त्यांच्या हातांकडं बघत राहिल्या. मग त्यांनी विळी पायानं बाजूला सारली आणि घंगाळापाशी बसल्या. एकेका रोपाचं एखादंच पान, नखानं, हलक्या हातानं खुडायला लागल्या. एकही रोप उपटलं नाही, एकही शेंडा मोडला नाही. मूठभर पानं व्हायला सगळी दुपार गेली. सूर्य मावळायच्या आत ती डाळीत शिजली आणि आक्का ताटावर बसल्या. आण्णा समोर बसले होते. मी आणि माझी बायको दाराच्या आड उभे होतो, आम्हांला जायला हवं होतं पण पाय निघेना. आक्कांनी पहिला घास घेतला. "कशी झालीया?" आण्णांनी विचारलं. "कडू," त्या म्हणाल्या. "लई?" "मेथीगत." आण्णा हसले, आणि हसता हसता पंचा डोळ्यांना लावून रडू लागले. आक्का जेवत राहिल्या. ताट स्वच्छ करून उठल्या.

त्यानंतर रोज थोडी थोडी पानं खुडली जात. पुढं काकडीचा वेलही आला. आक्कांच्या ओठांवर रंग यायला बरेच महिने लागले, पण आला. माझी बदली धारवाडकडं झाली तेव्हा त्या भिंत न धरता पायऱ्या उतरून मला निरोप द्यायला आल्या होत्या. आण्णा स्टेशनपर्यंत आले आणि गाडी हलेपर्यंत डब्याच्या चाकांकडं बघत राहिले.

आण्णा आक्कांच्या आधी गेले, अगदी अचानक, दुकानात बसल्या बसल्या. मला फार उशिरा कळलं. मी बेळगावला गेलो तेव्हा आक्का ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण धडधाकट होत्या. मी समाचाराचे चार शब्द बोललो. त्यांनी ऐकून घेतले. मग तांदळातला एक किडा बोटावर घेऊन त्यांनी पायरीच्या कडेला सोडला आणि म्हणाल्या, "जलमभर माझी काळजी केली त्येनी. मी जाईन, मी जाईन म्हणून. आन् सोता गेलं. त्येंची कराय पायजे हुती, ती कुणी केलीच न्हाई बघा, मास्तर." आक्का उठल्या, आत गेल्या, आणि माझ्यासाठी ताट वाढू लागल्या.